काळजी न करणारी आई

"आईने जास्त काळजी केली तर मूल कमी आजारी पडतं का?" हा माझ्या संख्याशास्त्राच्या प्रोजेक्टचा विषय. मॅडम म्हणाल्या, "तुलनेला काळजी न करणाऱ्या आयाही लागतील. आज निदान एक तरी शोधून आणा, नाहीतर विषय रद्द."

अख्खी बिल्डिंग पालथी घातली, एक मिळेना. शेवटी बाळाला थोपटत सासूबाईच म्हणाल्या, "माझं नाव घाल. पोरं आपोआप वाढतात गं. तुझ्यासारखा जिवाला घोर नाही लावून घेतला मी कधी!"

हुश्श झालं. बाळाचं कपाळ गरम नाही ना, ते पुन्हा एकदा बघून मी कॉलेजला निघाले.



मागून हाक आली, "पोचलीस की फोन कर गं, तुझा विषय मंजूर झाल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही!"