तोटीतली हवा

“साहेब, त्या नळाला पाणी आलंच न्हाई. तुमी नुसती तोटी फिरवली आन् फोटोपुरतं हासलात. मग मी फिल्ममधी पाण्याचा आवाज का म्हून घालू?”

सायरानं हे चेअरमनच्या तोंडावर विचारलं. तेही भर मंडपात, पाणीपुरवठा सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेला माणसं सतरंज्यांवर टेकत असताना.

चेअरमन चिडले नाहीत. मुरलेली माणसं पोरीबाळींवर चिडत नसतात. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“बेटा, सिनेमात खरं कोण दाखवतंय? मुळा मोडून हाड मोडल्याचा आवाज काढायला पुण्यात तूच शिकतीस ना? तसंच हे. नळावर माझा हात, मग माझं तोंड. पाणी दिसलं न्हाई तरी चालतंय. ऐकू आलं म्हंजी झालं.”

माणूस खोटं बोलत नव्हता, आणि आग तिथंच होती. सिनेमाचं न् गेमचं संगीत, त्यातले आवाज, हेच सायरा शिकत होती. बापाच्या वाइंडिंगच्या दुकानात जळकी मोटार जशी घरघरते, तो आवाज तिनं एका गेममधल्या राक्षसाला दिला होता. मास्तर खूश झाले होते. लोटाभर पाणी घंगाळात ओतून तिनं नदीला पूर आणला असता. पण राक्षसापुढं कुणी घागर घेऊन उभं राहत नाही.

संस्थेची ही फिल्म तिचं शेवटच्या वर्षाचं काम होतं. संगीत तिचं, आवाज तिचे. कॉलेजची अट एकच, खऱ्या लोकांपुढं ती पुरी चालली पाहिजे. नाही चालली तर वर्ष गेलं. चेअरमनला हे ठाऊक होतं.

“पाण्याबिगर फिल्म चालायची न्हाई,” ते शांतपणे म्हणाले. “मग नुसती भाषणं होतील. बघ तुझं तू.”

ते स्टेजवर गेले. सायरा लॅपटॉपपुढं बसली. नळाच्या दृश्याखालची सनई तिनं पुसून टाकली. तोटी फिरली त्या दिवशी नळाच्या तोंडाशी माईक धरून तिनं जे टिपलं होतं, ते तिथं लावलं. आवाज होता तेवढा मोठा केला.

फिल्म सुरू झाली. सेक्रेटरी त्रिंबकनं ड्रोन उडवून काढलेली गावाची चित्रं, वर सायराची सनई. लोकांनी आपापली घरं ओळखली, एकमेकांना कोपरं मारली. मग पडद्यावर चेअरमनचा हात आला. सनई थांबली. दोन्ही बाजूच्या स्पीकरच्या बॉक्समधून नळ सुसकारला. सूंऽऽ, मग घशात अडकल्यासारखं खर्र, मग परत सूंऽऽ.

मागच्या सतरंजीवरच्या बाया एका झटक्यात उठल्या.

दुष्काळातल्या बाईला हा आवाज शिकवावा लागत नाही. पंधरवड्यानं कधीतरी पाणी सुटतं, तेव्हा आधी नळातली हवा बाहेर पडते. ती सुसकारली की तव्यावरची भाकर जळू द्यायची, पण घागर नळाखाली लावायची.

“नळ आला गं!” भिवराबाई ओरडली आणि लुगडं खोचून पळाली. तिच्यामागं सगळ्या. त्यांच्यामागं गडी.

“अबे, कोरम गेला की,” कुणीतरी पळता पळता म्हणालं.

मंडपात स्टेज उरलं. सायरा लॅपटॉपवरचा हात काढून उठली. आपण खरं ऐकवतोय एवढंच तिनं धरलं होतं. कुणी धावत सुटेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. पुण्याच्या वर्गात हा आवाज ऐकून कुणी खुर्चीतून हललं नव्हतं.

थोड्या वेळानं माणसं परतली. भिवराबाई पुढं, कडेवर कोरडी घागर.

“सायरे, कंचा नळ सुसला गं? रस्त्यावरचे तर समदे कोरडे ठणठणीत हायेत.”

“मावशी, तो आवाज ह्या बॉक्समधला व्हता. साहेबांनी तोटी फिरवली, त्या दिवशीचा. तुमाला पळवलं, माझं चुकलं.”

“त्या दिशी तर ढोल लावला व्हता कानाशी. काय बी ऐकू आलं न्हाई.” भिवराबाईनं दम घेतला. “हवेमागनं पानी आलंतं का न्हाई?”

“न्हाई मावशी. हवाच व्हती.”

भिवराबाईनं मान वळवून स्टेजकडं पाहिलं.

“पुढचा विषय घ्या,” चेअरमन घाईनं म्हणाले. “मागचा सर्वानुमते मंजूर. त्रिंबक, ते बंद कर आधी.”

त्रिंबकनं वायर ओढली. पडदा पांढरा झाला. फिल्म अर्ध्यावर गेली, आणि वर्षही गेलं. सायरानं लॅपटॉप मिटला, रेकॉर्डर उचलला, हेडफोन कानाला लावले आणि स्टेजकडं चालत निघाली. बायांनी वाट दिली आणि तिच्यामागं स्टेजच्या पायऱ्या चढल्या. भिवराबाईनं घागर टेबलावर हारतुऱ्यांच्या मधोमध ठेवली.

“पानी कुठं हाय?” तिनं विचारलं.

चेअरमननं त्रिंबककडं पाहिलं. त्रिंबक वायर गुंडाळत होता. सायरानं माईक साहेबांच्या तोंडाशी नेला, नळाला धरला होता तितकाच जवळ, आणि बटण दाबलं. कानात खुर्ची करकरल्याचं आलं, कुणाचा तरी खोकला आला.

“साहेब, अजून काईच ऐकू येईना,” ती म्हणाली. “बोला.”