गिरणीतला चौथा आवाज

रेवाने पिठाचा डबा ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "आई, सोमवारी मला दवाखान्यात जायचंय. नंबर लावलाय."

वनमालाचा भाकरी थापणारा हात थांबला. "कुणी लावला?"

"गिरणीमागच्या आरोग्यखोलीनं. दळण होईतो आत बसले होते."

ती खोली मुद्दामच गिरणीमागे बांधली होती. हातात डबा असला की पोरगी कुठे निघाली, हे कुणी विचारत नाही. घरी विचारायची लाज वाटते अशा दुखण्याखुपण्याबद्दल आतलं यंत्र मुलींशी गावातल्याच बायकांच्या आवाजात बोलायचं आणि लागलं तर दवाखान्यात नंबरही लावायचं. हवा तो आवाज मुलीनं निवडायचा. तो कुणाचा, हे मात्र गुपित. गेल्या वर्षी वनमालानेही तीन दुपारी तोंडाशी पदर धरून आपला आवाज तिथे भरून दिला होता. घरी मात्र त्यातलं अवाक्षर तिच्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

"दर महिन्याला डोकं दुखतंय म्हणून शाळा बुडवते ना मी, ते डोकं नसतं गं. पाळीत एवढं पोट दुखणं अंगावर काढायचं नाही, म्हणाली ती."

"कोण ती?"

"चौथा आवाज. आधी घसा खाकरते, मग म्हणते, 'बोल गं चिमणे.'" रेवा तिच्याकडे बघत हसली. "तिथे तू अजिबात लाजत नाहीस, आई."

तवा धुरावला होता. वनमालाने गॅस बंद केला, पिठाच्याच हातांनी लेकीला जवळ ओढलं आणि घसा खाकरला.

"बोल गं चिमणे. कुठं दुखतं?"