यादी अक्काकडे होती

"अक्का, खाली या. सिंगापूरहून फोन आहे, जीवरामभाऊंचा," दलिचंदशेठने दुकानातूनच हाक मारली आणि भागाबाईच्या हातातलं सूप कलंडलं. निवडलेली दादर ज्वारी आणि न निवडलेली एक झाली. तिला सगळ्या आयुष्यात तीन फोन आले होते, आणि तिन्ही वेळा कोणीतरी गेल्याचा निरोप होता. चष्मा न घेताच ती भिंत धरत जिना उतरली.

धुळ्यातल्या त्या गल्लीत फोन होता तो एवढ्या किराणा दुकानातच. दलिचंदने गिऱ्हाइकांना थांबवलं, रिसीव्हर तिच्या हातात दिला आणि तिने उलटा धरलेला पाहून सरळही करून दिला.

"अक्का, मी बोलस."

"काय व्हयनं रे?"

"तसं काही नई. चेक हरवनात. ती यादी शे ना तुन्हाजोडे?"

माणूस धड आहे एवढं कळल्यावर भागाबाईला आधी हायसं वाटलं, आणि लगेच राग आला. या धाकट्या भावाचं जळगावात बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान होतं. खप चांगला झाला म्हणून कंपनीने त्याला सिंगापूरची सहल बक्षीस दिली, नवरा-बायको दोघांची. पण मंजुळा वैशाखातच वारली. पोरबाळ नव्हतं, तेव्हा हा एकटाच निघाला.

निघण्याआधी पैसे कसे न्यायचे यावर मात्र त्याने गावभर सल्ले गोळा केले. शेजारचा पारसमल म्हणाला, रोख डॉलर न्या, कोणीही घेतं. भागाबाई म्हणाली, बंडीला आतून खिसा शिवून देते, चोराच्या बापालाही सापडायचा नाही. बँकेतल्या साहेबांनी सांगितलं की प्रवासी चेक न्या. हरवले तरी नंबर कळवले की पैसे परत मिळतात, फक्त नंबरांची एक यादी घरी कोणाकडे तरी ठेवा. जीवरामला हेच पटलं. त्याच्या घराला तर कुलूप लागणार होतं, म्हणून यादी द्यायला तो एस.टी.ने धुळ्याला आला. अक्काला इंग्रजी आकडे यायचे नाहीत, म्हणून त्याने सगळे नंबर मराठी आकड्यांत उतरवून आणले होते. ते तिला दोनदा वाचायला लावले, अर्धा चहा तसाच ठेवला आणि गेला.

खिसा शिवू दिला असतास तर, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण परदेशी फोनचं बिल कसं धावतं हे दलिचंदकडून तिने ऐकलं होतं. कनवटीची गाठ सोडून तिने कागद काढला.

"तुन्हाजोडेबी व्हती ना एक यादी?"

"तीबी पाकिटमाच व्हती. वाच तू, मी लिखस."

भागाबाई वाचू लागली. चौथीपर्यंत शिकलेली बाई, एकेक आकडा सुटा सुटा करून वाचत होती. दुकानातली गिऱ्हाइकं पोथी ऐकावी तशी गप्प उभी राहिली. एक नंबर झाला की ती लिहिलं का म्हणून विचारायची, तो हां म्हणायचा, आणि मध्येच भलतंच काही काढायचा. गुडघा कसा आहे म्हणाला. इथली गादी इतकी मऊ आहे की पाठ धरते म्हणाला. पैसे चाललेत, नंबर ऐक, म्हणून तिने त्याला दोनदा दटावलं.

"बठ्ठा जोडीजोडी बजारमा गयात," तो सहलीतल्या बाकीच्यांबद्दल म्हणाला. "मी खोलीवरच शे."

"बरं. आता सहावा ऐक. चार, शून्य, नऊ, नऊ…"

"नऊ नई अक्का, एक."

भागाबाईने कागद डोळ्यांजवळ नेला, मग दिव्याकडे धरला. एकच होता. चष्म्यावाचून तिला तो नऊ दिसला होता. ती पुढचा आकडा वाचायला गेली आणि थांबली. यादी तर तिच्या हातात होती, आणि त्याची पाकिटाबरोबर हरवली होती.

फोनमध्ये नुसती खरखर ऐकू येत होती. तिकडे कसला तरी कागद उलटल्याचा आवाज झाला, तोही लगेच बंद पडला. तराजूवरचा हात तसाच ठेवून दलिचंदने हळूच विचारलं की सगळेच चेक गेले का. भागाबाईने नाही अशी मान हलवली. तुला कसं कळलं रे, असं विचारायला तिने तोंड उघडलंही होतं, पण तिला एकदम रडू आलं. ती साखरेच्या पोत्यावर टेकली आणि पदराने तोंड पुसून घेतलं.

"अक्का? शे ना तू?"

"शे रे. मन्हा डोयास्ले नीट दिखत नई," ती म्हणाली. "परत पहिलापासून वाचस. लिखी ले."



"सावकाश वाच," तो म्हणाला. "माले काही घाई नई."