नजरेआडची बोट

मुलगा-सून बोटीत बसले आणि रत्नागिरीच्या धक्क्यावर वत्सलाबाईंनी दुर्बिणीला डोळा लावला. कुणी परगावी निघालं, की ते पलीकडच्या किनाऱ्यावर उतरेपर्यंत घरातल्या एकानं नजर हटवायची नाही, ही त्यांच्या परातीवरची रीत. परात म्हणजे माणसांनी अवकाशात बांधलेली सपाट वसाहत. तिथं समुद्रात गेलेली बोट लहान लहान होत जाई, पण दिसेनाशी कधी होत नसे.

थोड्याच वेळात त्या किंचाळल्या, "विहीणबाई, धावा! बोट बुडतेय! खालचा भाग गेलासुद्धा!"

पायरीवर बसलेल्या कमळाताई उठल्या आणि त्यांनी वत्सलाबाईंचा हात धरला. "बुडत नाही हो. आमची पृथ्वी गोल ना, बोट उतारापलीकडे जातेय."

बघता बघता डोलकाठीचं टोकही गेलं. उरलं नुसतं पाणी.

"मग ती दोघं सुखरूप आहेत, हे आता कळायचं कसं?"

"उद्या पोचली की कळवतील."

"आणि तोवर?"

"तोवर वाट बघायची." कमळाताईंनी पदरानं डोळे टिपले. "माझीही लेक आहे हो त्या बोटीत."

वत्सलाबाई रिकाम्या समुद्राकडे आणि मग या बाईकडे बघतच राहिल्या. केवढी छाती म्हणायची ही! न दिसणाऱ्या माणसावर इतका भरवसा ठेवायची वेळ परातीवर कुणावर आलीच नव्हती.

त्यांनी दुर्बीण मिटून पिशवीत टाकली.

"सरका जरा विहीणबाई," त्या पायरीवर टेकत म्हणाल्या, "मलाही शिकवा."