कमी पाण्याची झाडं

सकाळपासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. नवरा घरी यायच्या आत मला कायमचं निघायचं होतं, पण बाल्कनी ओकीबोकी सोडवेना. म्हणून जुन्या पातेल्याच्या बुडाला खिळ्याने भोकं पाडत बसले होते. ठोक्यांच्या आवाजाने सासूबाई बाहेर आल्या आणि स्टूल ओढून शेजारीच बसल्या. झाली का पंचाईत! माझी भरलेली बॅग आत कपाटामागे होती.

"अगं हळू, शेजारी भांडायला येतील."

मी निम्मी माती, निम्मी वाळू भरली. जाड पानांची रोपं घाईघाईने दाटीवाटीने खोचली. एक रोप दोनदा आडवं झालं.

"मोगऱ्याची कुंडी कुठे गेली?"

"देऊन टाकली. ही झाडं बरी, आई. महिनाभर कुणी ढुंकून पाहिलं नाही तरी जगतात."

"आणि हे गुलाबासारखं दिसतंय ते?"

"तेही."

त्यांनी त्याचं एक गुबगुबीत पान बोटाने चाचपलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आत गेल्या आणि कपाटामागची बॅग आणून माझ्या चपलांशेजारी ठेवली. मातीवर पसरायला घेतलेली खडी माझ्या हातात तशीच राहिली.

"मीही एकदा भरली होती अशीच," त्या म्हणाल्या. "पण माझा गुलाब खरा होता गं. त्याला रोज पाणी लागायचं."