उद्धवरावांचं अंतराळ

"जरा डावीकडं घे," उद्धवराव म्हणाले आणि शेखरनं कॅनव्हास भिंतीवर सरकवला.

चित्र पुन्हा तेच. काळंभोर अंतराळ, कडेला गंजक्या रंगाचा ग्रह आणि मधोमध तरंगणारा, पांढऱ्या पोशाखातला बिनचेहऱ्याचा अंतराळवीर. त्याच्या पाठीमागं लांबलचक लाल पाइप.

उद्धवरावांनी जन्मभर अजब चित्रं काढली. ज्वारीच्या ताटाला लगडलेले मासे, दारं-खिडक्या असलेली म्हैस. निघोज्यात लोक हसायचे, पुण्या-मुंबईचे विकत घ्यायचे. सत्तरीत मात्र त्यांनी जमीन सोडली ती सोडलीच. समीक्षकांना चघळायला विषय मिळाला. कुणी मोक्ष म्हणालं, कुणी विज्ञान. दर चित्रात पाइपचा रंग वेगळा का, यावर तर एका विद्वानानं तासभर भाषण ठोकलं. उद्धवराव ऐकून घ्यायचे आणि चहा मागायचे.

गावाचं म्हणणं साधं होतं. पोरगा गेला, म्हातारा त्याला आभाळात शोधतोय.

रणजीत चाकणच्या एका कारखान्यात रंगकाम करायचा. टाकी आतून रंगवताना वाफेनं गुदमरून गेला. मास्क आणि हवेचा पाइप न लावताच उतरला, असं कंपनीनं सांगितलं. टाकीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या त्याच्या जोडीदारानं, शेखरनंही जड मनानं तेच सांगितलं. तेव्हापासून रणजीत म्हणजे स्वतःच्या हलगर्जीपणानं मेलेला पोरगा.

कौशल्याबाईंना हे सहन व्हायचं नाही. "हेल्मेटचा पट्टा लावल्याबिगर गाडी सुरू करत नव्हता माझा रणजीत. त्यो असा कसा उतरंल?" त्या येईल-जाईल त्याला विचारायच्या.

शेखरनं मात्र मैत्री निभावली. दर रविवारी यायचा, चौकटी ठोकायचा, काकूंची औषधं आणायचा. त्याच्यावाचून या घरात पान हलत नसे.

आजही तो मागं सरकून चित्र न्याहाळत राहिला. बराच वेळ. त्याचे डोळे भरून आले.

"कसं झालंय?" उद्धवरावांनी विचारलं.

"हुबेहूब, काका."

"काही चुकलंय का?"

"पाइप तेवढा..." शेखरनं नाक पुसलं. "लाल नव्हता, काका. त्यानं निळा लावला होता."

चहा घेऊन आलेल्या कौशल्याबाई दारातच थांबल्या.

"म्हंजी पाइप व्हता?"