मागून ढकलणारे

थीब्जच्या सैन्यात एकामागे एक अशा पंचवीस ओळी उभ्या होत्या. काफिसोन कुंभार पहिल्यांदाच लढाईला आला होता आणि नेमकी पहिल्याच ओळीत त्याला जागा मिळाली होती. समोर अथेन्सचे भाले चमकायला लागले, तसा तो धावत सगळ्यात शेवटच्या ओळीतल्या गोर्गोसकाकांकडे गेला.

"काका, भीती वाटतेय हो मला. पाय हललेच नाहीत तर?"

"अरे वेड्या, तुझ्या पायांना विचारतंय कोण? मागून आम्ही चोवीस जण ढकलणार आहोत. तू फक्त ढाल सोडू नकोस."

काफिसोनला धीर आला आणि तो पहिल्या ओळीत आपल्या जागी परतला. रणशिंग वाजलं. शिरस्त्राणामुळे मागचं दिसत नव्हतं आणि आरोळ्यांत काही ऐकूही येत नव्हतं. तो ढाल घट्ट धरून पुढे जात राहिला. अथेन्सची फळी फुटली.

संध्याकाळी शेकोटीवर वाम मासळी भाजत होती. काफिसोन म्हणाला, "काका, बरं झालं ढकललंत. नाहीतर मी तिथंच बसलो असतो."

गोर्गोसकाका खो खो हसले. "कुणी ढकललं? तुमच्या पहिल्या ओळीनं ओढा ओलांडला आणि आम्ही सगळे मागे चिखलात रुतलो! 'थांबा रे, थांबा' म्हणून बोंबलून घसे बसले आमचे."

काफिसोनच्या हातातला घास हातातच राहिला.

"खा, खा," काका हळूच म्हणाले. "आणि तुझ्या ओळीत कुणाला हे सांगू नकोस. उद्याही त्यांनाच पुढं जायचंय."